तांब्याचा टोच्या

ते तांबं मी दिलं होतं.

पाच शब्दांचं वाक्य आहे, पण मी ते आजवर कोणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, ज्या सभेत उच्चारायला हवं होतं त्या सभेत तर नाहीच. ज्यांच्यावर त्या तांब्याचा आळ आला त्यांना ते ठाऊक होतं, कारण त्यांनी ते माझ्याच हातून घेतलं होतं. त्यांनीही कोणाला सांगितलं नाही. म्हणजे आम्ही दोघेही गप्प राहिलो. त्यांचं गप्प राहणं आणि माझं गप्प राहणं मात्र एका मापाचं नव्हतं.

नेर तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते चित्रकला आणि कार्यानुभव शिकवायचे. मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली होती. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "विषय कोणता?"

"विज्ञान."

"बरं, विज्ञान. बस इथं."

तेव्हापासून मी विज्ञान. ते सगळ्यांना विषयानंच हाक मारायचे. "भूगोल, तुमच्या डब्यात आज काय?" किंवा "गणित दोन दिवसांपासून तापानं पडलं आहे म्हणे." मुख्याध्यापकांना 'मुख्य' म्हणायचे. आणि स्वतःबद्दल विचारलं तर, "मी ऐच्छिक. घेतला तं घेतला, नाही तं नाही."

मुलं त्यांना 'दगडे सर' म्हणायची. हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण ते इतकं रुळलं होतं, की एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेपुस्तकात लिहिलं, 'श्री. दगडे यांचे कार्य समाधानकारक.' मुख्य घाबरले, खाडाखोड करता येईना. सर म्हणाले, "राहू द्या. दगडाचं काम समाधानकारक आहे, खोटं कुठं लिहिलं साहेबानं?"

नाव पडलं होतं ते त्यांच्या नादामुळे. ते गारगोट्यांचे बाण घडवायचे. लाकडी बाणाला पुढे लावायचं ते दगडी टोक, हजारो वर्षांपूर्वी माणसं घडवायची तसं. आमच्या काळ्या रानात नांगराला गारगोट्या लागतात, शेतकरी शिव्या घालत त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकतात. सर सुटीच्या दिवशी धुऱ्याधुऱ्यानं फिरून त्या वेचायचे, एकेक कानाशी धरून दुसऱ्या दगडानं टिचकी मारायचे. खणखणीत वाजली तर पिशवीत. बद्द वाजली तर, "हिच्या पोटात चीर आहे," म्हणून परत.

मला त्यांच्या बाणांपेक्षा त्यांच्या हत्यारांचं अप्रूप होतं. त्यांतलं एकही विकत घेतलेलं नव्हतं. "विकत आणलं का ते दुकानदाराचं राह्यते," असं ते म्हणायचे. अडाण नदीच्या पात्रातून आणलेले तीन गोल गोटे हे त्यांचे हातोडे. मोठ्यानं गारगोटी फोडायची, मधल्यानं कपचे काढायचे, लहान गोटा नुसता कड बसवायला. त्यानंतर धावड्याच्या लाकडाची मोगरी. सांबराचं शिंग यापेक्षा चांगलं, हे त्यांना माहीत होतं. "पण शिंग घरात ठेवलं तं वनखातं बाण नाही नेणार, मलेच नेईन," म्हणून ते धावड्यावर भागवायचे. तळहाताला कापू नये म्हणून ट्रकच्या ट्यूबचा जाड तुकडा, त्याला अंगठ्यापुरतं भोक. घासायला पिठाच्या गिरणीच्या फुटलेल्या पाट्याची ढलपी. आणि शेवटचं, सगळ्यात नाजूक हत्यार म्हणजे टोच्या. मोडक्या छत्रीच्या मुठीत तांब्याची तार ठोकून बसवलेली, पुढून टोकदार. या टोच्यानं बाणाच्या कडेवर दाब द्यायचा, की खालून माशाच्या खवल्यासारखी कपची सुटते. एकामागून एक खवले काढत कड धारदार होत जाते.

"लोखंडाचं टोक काहून नाही चालत?" मी एकदा विचारलं. त्यांच्यासोबत बसून मीही त्यांच्यासारखंच बोलायला लागलो होतो.

"लोखंड दगडावरून घसरते, नाहीतं त्याचा चुरा करते. तांबं नरम आहे. दगड त्याच्यात थोडासा रुततो. रुतला का धरता येते. धरता आलं का काढता येते."

हे सगळं त्यांना शिकवलं कोणी? कोणीच नाही. ते बंजारा, तांड्यावरचे. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून फिरलेल्या माणसांचा मुलगा. आज्याच्या कमरेच्या बटव्यात चकमक असायची: गारेचा तुकडा, लोखंडाची पट्टी आणि सावरीचा कापूस. चिलीम पेटवून पेटवून गारेची धार बोथट झाली, की आजा ती गुडघ्यावर धरून कशानं तरी टोचून पुन्हा धारदार करायचा. सरांनी लहानपणी तेवढं पाहून ठेवलं होतं. पुढचं सगळं त्यांनी वर्षानुवर्षं चुरा करून करून मिळवलं. सरावाला ते ढाब्यामागच्या दारूच्या बाटल्यांची बुडं आणायचे, कारण जाड काच गारेसारखीच फुटते. त्यावरून गावात व्हायचा तो बोभाटा झालाच. चहासुद्धा बिनसाखरेचा पिणाऱ्या माणसाबद्दल मुख्यांना निनावी चिठ्ठी आली. सर म्हणाले, "लिहिणाऱ्याले सांगा, रिकाम्या जमा करून ठेवत जा म्हणा. मले ढाब्यापर्यंत चक्कर पडते."

घरी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, वेगळ्याच तऱ्हेनं हैराण. गारगोटी वाळूत पुरून मडक्यात मंद आचेवर दिवसभर भाजली, की ती तुकतुकीत होते, कपची लांब सुटते. त्यामुळे त्यांच्या अंगणातल्या एका चुलीवर कायम दगड शिजत असायचे. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा काकूंनी विचारलं, "जेवून जाता का सर? यायच्यासाठी दगड आहेत, तुमच्यासाठी वांग्याची भाजी टाकतो."

सरांच्या बोलण्यात एक शब्द दोन अर्थांनी यायचा, तो सांगायला हवा. 'कोर'. त्यांच्या गोरबोलीत कोर म्हणजे त्यांच्या समाजाबाहेरचा माणूस. मी कुणब्याच्या घरचा, म्हणजे कोर. आणि आपल्या मराठीत कोर म्हणजे कड. टोच्या लावण्याआधी दगडाची कड पाट्यावर घासून थोडी बोथट करावी लागते, नाहीतर दाब येताच ती पिचते. मी घाईनं न घासताच दाब द्यायचो आणि माझ्या बाणाची कड पीठ होऊन पडायची. सर ट्यूबवरचं पीठ फुंकून म्हणायचे, "कोर घासली नाही, लेका. न घासलेली कोर दाब सहन नाही करत." मग हसून, "तुम्ही कोर लोकं तं बिलकूलच नाही करत."

मीही हसायचो.

त्यांची एक सवय मला फार मोठी वाटते, तेव्हाही वाटायची. घडवताना ताडपत्रीवर ज्या कपच्या पडायच्या त्या ते झाडून डब्यात भरत आणि महिन्यातून एकदा खड्डा खणून पुरत. शेळीच्या खुरात, लेकराच्या पायात जाऊ नयेत म्हणून. पण पुरताना त्यात एक नाणं टाकायचे, त्या सालाचा छाप असलेलं. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "हजार वर्षांनी कोणी खणलं तं त्याले वाटन का जुन्या माणसाचं आहे. खुश होऊन जाईन बिचारा. त्याले कायले फसवायचं?" ज्या माणसाचा जन्म व्हायचा आहे त्यालाही फसवू नये, इतका हा माणूस स्वच्छ होता.

एकदा नागपूरहून पुराणवस्तूंचे एक प्राध्यापक आमच्या भागात जुनी ठिकाणं शोधत फिरत होते. शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्यांना चार कपच्या सापडल्या, सरांच्या झाडण्यातून निसटलेल्या. ते गुडघ्यावर बसले, भिंग काढलं आणि आम्हा सगळ्यांना गंभीरपणे म्हणाले, "इथं कोणीतरी काम केलेलं आहे."

"मी," सर म्हणाले. "मंगळवारी."

प्राध्यापकांनी भिंग खिशात घातलं. मग बूट काढून ताडपत्रीवर बसले आणि दुपार सरेपर्यंत उठले नाहीत. पुस्तकांत वाचलेलं त्यांना सरांनी हातात दाखवलं. सरांची मोगरी, पाट्याची ढलपी, छत्रीच्या मुठीचा टोच्या, प्रत्येकाचा त्यांनी फोटो काढला, माप घेतलं. जाताना वाकून सरांच्या पाया पडले. त्या दिवशी व्हरांड्यात उभ्या आठवीच्या पोरांच्या माना अशा ताठ झाल्या होत्या, की जणू प्राध्यापक त्यांच्याच पाया पडले. मीही त्याच रांगेत होतो. अशा माणसासोबत मी काम करतो, हे मी त्या आठवड्यात घरी पत्रानं कळवलं होतं.

प्राध्यापकांनी जाताना एक गोष्ट सांगितली: तार वाकते, जाड तांबं मिळालं तर बोटभर लांब खवले निघतील. ते सरांच्या मनात बसलं.

आदल्या पावसाळ्यात शाळेच्या मैदानातल्या कडुलिंबावर वीज पडली होती. म्हणून शाळा समितीनं इमारतीला वीजरोधक बसवून घेतला: छपरावर दांडा आणि भिंतीवरून जमिनीत गेलेली तांब्याची चपटी पट्टी. बसवणाऱ्यानं वरच्या दांड्याचा कापलेला वीतभर गोल तुकडा माझ्या प्रयोगशाळेत टाकून दिला होता. मी तो सरांना नेऊन दिला.

त्यांनी तो हातात तोलला. डोळे चमकले. पण लगेच विचारलं, "मुख्याले विचारलं का?"

"विचारलं," मी म्हणालो.

विचारलं नव्हतं. उरलेल्या तुकड्यासाठी काय विचारायचं, असं वाटलं. इतकं साधं खोटं होतं ते.

त्या तांब्याचा त्यांनी जो टोच्या केला तो मी कधी विसरणार नाही. कुदळीच्या जुन्या दांड्याचा तुकडा हाताच्या मापानं तासलेला, त्यात तांबं, सांध्यावर सुतळी आणि डिंक. पहिल्याच दाबाला या कडेपासून मध्यापर्यंत खवला निघाला, कागदासारखा पातळ, उजेडाकडे धरला तर पलीकडचं बोट दिसेल असा. सरांनी तो माझ्या हातावर ठेवला.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तर भिंतीवरची तांब्याची पट्टी पुरुषभर उंचीपर्यंत कोणीतरी कापून नेलेली. तांबं चोरीला जाणं आमच्याकडे नवं नाही, शेतातल्या मोटारीच्या तारा नेहमी जातात. पण समितीला चोर हवा होता. एका सभासदाला सरांच्या हातातला टोच्या आठवला. ते सभासद माझ्याच नात्यातले, मी त्यांना काका म्हणायचो, आणि मला या शाळेत लावण्यात त्यांचा शब्द होता. व्हरांड्यात ते म्हणाले, "तांड्यावरचा माणूस. अजून कुठं शोधता?" मी ते ऐकलं. तेव्हा मी शिक्षणसेवक होतो, आणि मला कायम करण्याचा प्रस्ताव त्याच सभेपुढे होता.

सभेत सरांना बोलावलं. अक्षर चांगलं म्हणून कार्यवृत्त लिहायला मी बसलो होतो. टेबलावर तो टोच्या ठेवलेला.

"हे तांबं कुठून आणलं?" काकांनी विचारलं.

सर निवांत होते. "शाळेचंच आहे. उरलेलं. मुख्याले विचारूनच तं भेटलं मले."

मुख्य गोंधळले. "मला? मला कोणी विचारलं?"

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी गारगोटी कानाशी धरून टिचकी मारावी आणि ती बद्द वाजावी, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर झालं. मी वहीत पाहत होतो. चोरीला गेली ती चपटी पट्टी आणि हे गोल दांड्याचं तांबं, हे त्या खोलीत एकच माणूस ओळखू शकत होता. तो विज्ञानाचा शिक्षक वहीत पाहत होता.

"कोणी दिलं ते सांगा न मग," काका म्हणाले. "नाव सांगा."

"मंग माह्याच समजण्यात फरक झाला असन," सर म्हणाले.

पोलिसांत गेले नाहीत, समितीनं 'मोठं मन' केलं. मला लिहायला सांगितलं ते मी लिहिलं: 'शालेय साहित्य विनापरवानगी बाळगल्याबद्दल संबंधित शिक्षकांस समज देण्यात आली.' ओळ सरळ आली होती, काना-मात्रेची चूक नव्हती. खालचा ठराव मला कायम करण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी ते शिक्षकांच्या खोलीत आले. डबा उघडत म्हणाले, "काय भूगोल, ऐकलं का? एवढ्या वर्षांची नोकरी झाली, आता मले समज भेटली." कोणी हसलं नाही. ते स्वतःच हसले आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली.

उरलेलं वर्ष त्यांनी मला पूर्वीसारखंच शिकवलं, त्याच छत्रीच्या मुठीवर. जाड तांब्याचा नवा टोच्या शाळेनं जमा करून घेतला होता. त्यांनी शिकवणं थांबवलं असतं तर बरं झालं असतं. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ झाला नाही. समितीनं टाळला आणि आम्ही टाळू दिला. शेवटचा तास संपवून ते प्रयोगशाळेच्या दारात आले. "विज्ञान, दाब देताना कोपर आत ठेवत जा. तुह्यं बाहेर जाते." एवढं बोलून बसस्टॉपकडे गेले.

आज मी त्याच शाळेचा मुख्य आहे. ती कार्यवृत्ताची वही माझ्या मागच्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात.

या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं, की शाळेत सरांच्या हत्यारांची मांडणी करायची आणि त्यांचा सत्कार करायचा. बोलवायला मी तांड्यावर गेलो. सर अंगणात खाटेवर होते. मधे पाय मोडला होता, मनगटातला जोर गेलेला. पण मनगट गेलं म्हणून थांबतील तर ते सर कसले? दवाखान्यातून आलेल्या कुबडीच्या टोकाला त्यांनी तांबं बसवलं होतं. कुबडी काखेत धरून सगळ्या अंगाचा भार टोकावर द्यायचा. माझ्यासमोर त्यांनी त्या कुबडीनं जो खवला काढला तसा मला धडधाकट मनगटांनी कधी काढता आला नाही.

भिंतीवर खिळ्याला प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद लटकत होता. कॅलेंडर असेल म्हणून मी वाचायला गेलो. नेरच्या भांड्याच्या दुकानातून तांबं घेतल्याची पावती होती. जन्मभर एकही हत्यार विकत न घेतलेल्या माणसानं तांबं विकत आणलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी त्याची पावती टांगली होती.

काकूंनी चहा आणला. "सर, तुम्ही आता हेडमास्तर झाले. मले एक सांगा, ते तांबं यायले कोणी दिलं होतं?"

सर म्हणाले, "चुलीवरचे दगड पाहिले का?"

"पाहिले. तुमच्या डोक्यापेक्षा लवकर शिजून राह्यले." मग माझ्याकडे वळून, "इतकी वर्षं झाली, हे तोंड उघडत नाहीत. माह्या भावाच्या घरी लग्नाले गेली तं लोकं अजून विचारतात, काय झालतं वो शाळेत? मी काय सांगू? तुमच्या हाती पुस्तकं आहेत. पाहा न, कोण होता तो."

मी कप तोंडाला लावला.

"मी त्याले शिव्या नाही देत," काकू म्हणाल्या. "त्याचेही लेकरंबाळं असतीन. सुखात राहो. तुमचे काय करतात वो लेकरं?"

"पोरगी इंजिनिअरिंगला आहे," मी म्हणालो.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या आणि मनापासून हसल्या.

निघताना सर कुबडी टेकत गाडीपर्यंत आले. म्हणाले, "हत्यारं सगळे घेऊन जा. मी नाही येत. पुस्तकातल्या ओळीचं मले काही नाही, पण हिले लागते ते."

"सर, तुम्ही काकूंना सांगितलं का नाही?"

"तुह्या तोंडचं माह्या तोंडून कायले?"

मी गाडीला किक मारली आणि आलो. परत वळता आलं असतं, अंगण वीस पावलांवर होतं.

त्यांची हत्यारं आता शाळेच्या काचेच्या कपाटात आहेत. पोरं नाक चिकटवून पाहतात, आणि कोणी विचारलं तर मी ताठ मानेनं सांगतो, की हे ज्यांनी केलं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसायचो. हा अभिमान खरा आहे. तो मी कोणाला परत देणार नाही.

पण हे लिहून काही फिटलं, असं मी समजत नाही. कार्यवृत्तातली ती ओळ सभेपुढे वाचून तिच्याखाली खरं काय ते मला लिहायचं आहे, आणि ते मी करीन. त्याआधीचं मात्र कागदावर होणारं नाही. काकूंना वाचता येत नाही. मी त्यांना एक नाव देणं लागतो, त्यांच्या अंगणात उभं राहून, माझ्या तोंडानं. ते मी अजून दिलेलं नाही.